राजुऱ्याचे निसटते निकाल आणि मतदार यादीचा प्रश्न

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांच्या यादीत सत्तराव्या क्रमांकावर राजुऱ्याचे नाव आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेला भिडलेला हा मतदारसंघ एरवी मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत क्वचितच दिसतो. १८ सप्टेंबर २०२५ रोजी मात्र लोकसभेतील विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी दिल्लीतील पत्रकार परिषदेत कर्नाटकातील आळंदबरोबर राजुऱ्याचे नाव घेतले. आळंदमध्ये खऱ्या मतदारांची नावे वगळण्याचा आणि राजुऱ्यात खोटी नावे घुसवण्याचा प्रयत्न झाला, असा त्यांचा आरोप होता. त्यानंतर चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीपर्यंत राजुऱ्याबद्दल पुष्कळ बोलले गेले. बोलणाऱ्यांपैकी कितीजणांनी राजुऱ्याचे निकाल डोळ्यांखालून घातले होते, याची आम्हाला शंका आहे. आमचे अनेक वाचक याच दोन जिल्ह्यांत राहतात. तेव्हा या प्रकरणातील आकडे त्यांच्यापुढे ओळीने मांडावेत आणि त्यांतून जे दिसते ते कोणत्याही पक्षाची बाजू न घेता सांगावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम निकाल पाहू. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी मतमोजणी झाली तेव्हा भारतीय जनता पक्षाचे देवराव भोंगळे यांना ७२,८८२ मते मिळाली. काँग्रेसचे तत्कालीन आमदार सुभाष धोटे यांना ६९,८२८ मते मिळाली. फरक ३,०५४ मतांचा. तिसऱ्या स्थानी शेतकरी संघटनेचे ज्येष्ठ नेते व माजी आमदार ॲड. वामनराव चटप होते. त्यांची मते ५५,०९०. निसटता विजय म्हणून वृत्तपत्रांनी त्याची नोंद घेतली आणि विषय संपला. परंतु राजुऱ्याच्या बाबतीत हा एक निकाल सुटा पाहून चालत नाही. २०१९ मध्ये याच सुभाष धोटे यांनी वामनराव चटप यांचा २,५०१ मतांनी पराभव केला होता. त्याआधी २०१४ मध्ये भाजपचे संजय धोटे यांनी सुभाष धोटे यांना २,२७८ मतांनी हरवले होते. म्हणजे सलग तीन निवडणुकांत या मतदारसंघाने आमदार बदलला आणि प्रत्येक वेळी तो दोन-तीन हजार मतांच्या फरकाने बदलला. तिन्ही वेळच्या आघाड्यांची बेरीज केली तरी ती ७,८३३ भरते.

या आकड्यांत एक गंमत दडली आहे. सुभाष धोटे यांना २०१४ मध्ये ६३,९४५ मते मिळाली आणि ते हरले. २०१९ मध्ये त्यांना ६०,२२८ मते मिळाली आणि ते जिंकले. २०२४ मध्ये त्यांची मते ६९,८२८ पर्यंत वाढली आणि ते पुन्हा हरले. तीन निवडणुकांपैकी ज्या एका निवडणुकीत त्यांना सर्वांत कमी मते पडली, नेमकी तीच त्यांनी जिंकली! जिंकताना मिळाली त्यापेक्षा ९,६०० मते अधिक मिळवूनही त्यांना पराभव स्वीकारावा लागला. 'लोकांनी नाकारले' किंवा 'लोकांनी स्वीकारले' ही निकालानंतर सर्रास वापरली जाणारी भाषा येथे लागू पडत नाही.

याचे कारण या मतदारसंघात लढत दोघांत होत नाही. २०१९ मध्ये पहिल्या दोघांखेरीज भाजपचे संजय धोटे यांना ५१,०५१ आणि गोंडवाना गणतंत्र पक्षाचे गोदरू पाटील जुमनाके यांना ४३,३०६ मते मिळाली होती. या चौघांच्या मतांची बेरीज २,१२,३१२ होते. त्यांतली ६०,२२८ मते, म्हणजे शंभरातली जेमतेम अठ्ठावीस, विजयी उमेदवाराच्या वाट्याला आली. बाकीच्या बहात्तरांनी अन्य कोणाला तरी निवडले होते. आपल्या निवडणूक पद्धतीत ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. निम्म्याहून अधिक मते हवीत अशी अट नाही. दोघांत लढत असेल तर या पद्धतीत फारसे बिघडत नाही. चौघे तुल्यबळ असले की निकाल ठरतो तो विजयी उमेदवाराच्या बळावर तितका नाही, जितका इतर तिघांत मते कशी वाटली गेली यावर.

हे चार प्रवाह कोठून आले, हे समजण्यासाठी या भागाचा नकाशा पाहावा लागतो. राजुरा तालुका मूळचा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. आदिलाबाद जिल्ह्याचा भाग. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात आला. आजच्या मतदारसंघात राजुरा, कोरपना, जिवती आणि गोंडपिपरी हे तालुके येतात. वर्धा नदीच्या पश्चिमेला राजुरा, कोरपना आणि जिवती, तर पूर्वेला गोंडपिपरी. नदीकाठची काळी जमीन कापसाची आणि सोयाबीनची. शेतमालाच्या भावाचा प्रश्न येथे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने मुळापासून रुजवला. चटप यांची मते त्या मातीतली आहेत. २०१९ मधील ५७,७२७ वरून २०२४ मध्ये ५५,०९० इतकीच ती खाली आली. मागे कोणताही मोठा पक्ष नसलेल्या उमेदवाराला इतकी स्थिर मते मिळणे महाराष्ट्रात दुर्मीळच म्हणावे लागेल. दुसरा प्रवाह कारखान्यांचा. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. सास्ती, पवनी भागात कोळशाच्या खाणी आहेत. तेथे विदर्भाच्या, आंध्र-तेलंगणाच्या आणि उत्तरेकडील राज्यांच्या माणसांनी वसाहती उभ्या केल्या आहेत. तिसरा प्रवाह गोंड आणि कोलाम समाजांचा. 'जल, जंगल, जमीन' ही त्यांच्या राजकारणाची भाषा आहे आणि गोंडवाना गणतंत्र पक्षाला २०१९ मध्ये मिळालेल्या मतांत तिचा आवाज होता.

जिवतीच्या माणिकगड पहाडावरची वस्ती आणखी वेगळी. तेथे कोलामांच्या गुड्यांशेजारी मराठवाड्यातून आलेली कुटुंबे राहतात. दुष्काळाने गाव सुटलेली ही माणसे साठ-सत्तरच्या दशकांत पहाडावर आली, त्यांनी जमीन वाहिती केली, घरे बांधली. त्यांच्या वाहितीतली बरीच जमीन सरकारी दप्तरात मात्र वनजमीन म्हणूनच नोंदलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या वहिवाटीवर हक्क मागता येतो. बिगर आदिवासींना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. पन्नास वर्षांपूर्वी आलेल्या माणसाने पंचाहत्तर वर्षांचा पुरावा कोठून आणावा? म्हणून प्रत्येक निवडणुकीत पट्ट्यांचे आश्वासन पहाड चढून वर जाते. निवडणूक झाली की ते पायथ्याशी परत येते आणि पाच वर्षे तेथेच विसावते.

निवडणूक अटीतटीची असली की मतदाराची किंमत वाढते, असे म्हणतात. राजुऱ्यात ती वाढली का? आमचे उत्तर असे की, उमेदवारांच्या लेखी मतदारांच्या गटांची किंमत वाढली. एकेका मतदाराची वाढलेली आम्हाला दिसली नाही. हे गट कसे मोजले जातात ते पाहा. २०२४ मध्ये भोंगळे यांच्या मतदारांपैकी १,५२७ जणांनी धोटे यांना मत दिले असते तर दोघांची मते तंतोतंत सारखी, म्हणजे प्रत्येकी ७१,३५५ झाली असती. आणखी एकाने मन बदलले असते तर निकाल उलटा लागला असता. एका मतदान केंद्राला कमाल १,५०० मतदार जोडता येतील, अशी त्या वेळी आयोगाची मर्यादा होती. म्हणजे एका भरगच्च केंद्राइतक्या माणसांच्या मतपालटावर आमदारकी अवलंबून होती. उमेदवारांना हे गणित पाठ असते. म्हणून ते अमुक जातीचे दोन हजार, तमुक वसाहतीचे आठशे अशी मोजदाद करीत फिरतात आणि त्या त्या गटाच्या 'पुढाऱ्या'शी बोलणी करतात.

आपला ख्रिस्ती समाज या दोन्ही जिल्ह्यांत संख्येने अल्प आहे. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. निवडणूक चुरशीची झाली की मात्र देवळाच्या आवारात मोटारी येऊन थांबतात. 'फादर, तुमच्या लोकांना एक शब्द सांगा' ही विनंती धर्मगुरूंना नवी नाही. असा शब्द देणे धर्मगुरूच्या अधिकारातले नाही आणि धर्मग्रामाच्या हिताचेही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या समाजाची मते एका माणसाच्या शब्दावर एकगठ्ठा मिळतात, त्याच्यासाठी पुढची पाच वर्षे काहीही न करता त्या एका माणसाला सांभाळले की पुरते. शिवाय आपल्यातही कापूस उत्पादक आहेत, कंत्राटी कामगार आहेत, पट्ट्यांची वाट पाहणारे आहेत. या सर्वांचे हित एकाच उमेदवाराकडे असेल असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

आता मतदार यादीकडे वळू, कारण फरक इतका थोडा असेल तर निवडणुकीचे खरे रणांगण यादी हेच ठरते.

घडले ते थोडक्यात असे. १ ते १७ ऑक्टोबर २०२४ या काळात राजुरा मतदारसंघात नवीन मतदार नोंदणीसाठी ७,५९२ अर्ज ऑनलाइन दाखल झाले. विधानसभा निवडणुकीची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या तारखांचा अर्थ कळतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी पडताळणीसाठी दिलेल्या पत्त्यांवर गेले. काही ठिकाणी त्या नावाचा माणूसच नव्हता, काही अर्जदार तेथे राहत नव्हते, काही अर्जांना छायाचित्र वा पुरावा जोडलेला नव्हता. ६,८६१ अर्ज अवैध ठरवून फेटाळण्यात आले. मतदार नोंदणी अधिकाऱ्यांच्या तक्रारीवरून १९ ऑक्टोबर २०२४ रोजी राजुरा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. राहुल गांधींच्या आरोपानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने हा तपशील प्रसिद्ध केला.

यातून दोन बाजूंनी दोन सोयीचे निष्कर्ष काढले गेले. पहिला असा की सुमारे साडेसहा-सात हजार खोटे मतदार घुसवले गेले, फरक तीन हजारांचा होता, तेव्हा निवडणूक चोरली गेली. दुसरा असा की अर्ज फेटाळले गेले, तेव्हा काहीच घडले नाही, विरोधकांचा कांगावा आहे. आमच्या मते दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. जे अर्ज फेटाळले गेले त्या नावांवर मतदान होऊ शकत नाही. म्हणून ६,८६१ हा आकडा ३,०५४ शेजारी ठेवून वजाबाकी करणे चुकीचे आहे. दुसरीकडे, घरफोडी करणारा कुलूप तुटण्याआधी पकडला गेला म्हणून 'चोरी झालीच नाही, मग तक्रार कशाची' असे कोणी म्हणत नाही. जवळपास सात हजार बनावट अर्ज हौसेखातर कोणी भरत नाही. त्यामागे माणसे असणार, संगणक व दूरध्वनी क्रमांक असणार, कदाचित पैसाही असणार. हे अर्ज कोठून भरले गेले, याचा तांत्रिक माग तपास यंत्रणेला मिळाला पाहिजे, ही मागणी कोणत्याही एका पक्षाची नव्हे, ती सर्वांचीच असायला हवी. हा डाव कोणाच्या लाभासाठी होता हे सिद्ध झाल्याशिवाय कोणाचेही नाव घेणे आम्ही टाळतो. वाचकांनीही टाळावे.

एक गोष्ट मात्र या गदारोळात झाकली गेली, ती आम्हाला येथे नोंदवावीशी वाटते. बनावट अर्ज कोणत्याही संगणकाने पकडले नाहीत. ते पकडले पायी किंवा दुचाकीवर घरोघर गेलेल्या माणसांनी. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी हे नाव भारदस्त असले तरी तो असतो गावचा शिक्षक, ती असते अंगणवाडी सेविका किंवा एखादा कनिष्ठ कर्मचारी. स्वतःचे काम सांभाळून हे काम करायचे, मानधन तुटपुंजे, आणि सुटीच्या दिवशी फेरी मारली नाही तर कारवाईची नोटीस. अर्ज ऑनलाइन आल्यामुळे तो भरणाऱ्याचे तोंडही कोणी पाहिलेले नसते. अशा वेळी 'या पत्त्यावर असा माणूस राहतो का' हे दार ठोठावून विचारणे, एवढाच काय तो खरा पहारा. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा पहारा जागा होता. शासनावर टीका करण्याचे प्रसंग वारंवार येतात. येथे शाबासकी देण्याचा प्रसंग होता आणि ती फारशी कोणी दिली नाही.

राजुऱ्याची यादी आणखी एका कारणाने अवघड आहे. जिवती तालुक्याच्या सीमेवर मुकदमगुडा, परमडोली आदी चौदा गावे अशी आहेत की ज्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तेथे दोन्हीकडच्या शाळा उभ्या राहिल्या, दोन्हीकडच्या ग्रामपंचायती झाल्या, घरोघरी दोन्ही राज्यांची शिधापत्रिका व मतदार ओळखपत्रे आली. ११ एप्रिल २०१९ रोजी चंद्रपूर आणि तेलंगणा या दोन्ही ठिकाणी लोकसभेचे मतदान एकाच दिवशी होते. २०२४ मध्ये चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला आणि तेलंगणाचे १३ मे रोजी झाले. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या सतराव्या आणि अठराव्या कलमांनुसार कोणाचेही नाव एकाहून अधिक मतदारसंघांत, किंवा एकाच मतदारसंघात दोनदा, नोंदवता येत नाही. कायदा स्पष्ट आहे. पण या गावांतील माणसांना दोष देण्याआधी विचार करावा: त्यांनी दोन राज्ये मागितली नव्हती. दोन राज्यांनी त्यांना मागितले, आणि दोघांनीही रस्ता, पाणी, दवाखाना देताना हात आखडता घेतला. दोन्ही दारे उघडी ठेवणे हा त्यांनी शोधलेला जगण्याचा मार्ग होता. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही गावे रीतसर आपल्याकडे घेण्याची प्रक्रिया जाहीर केली. ती कागदावर पूर्ण झाली तरी दोन याद्यांतील नावे जुळवून एक वगळण्याचे काम कोणाला तरी घरोघर जाऊनच करावे लागेल.

निसटता निकाल ही काही राजुऱ्याचीच मक्तेदारी नाही. याच निवडणुकीत शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, साकोलीत, काँग्रेसचे नाना पटोले अवघ्या २०८ मतांनी वाचले. मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. त्याआधी जून २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम या लोकसभा मतदारसंघात रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले होते. राजस्थानात नाथद्वारा येथे २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने पडले, ही कथा तर सर्वश्रुतच आहे. दूर कॅनडात एप्रिल २०२५ च्या संसदीय निवडणुकीत मॉन्ट्रियलजवळच्या तेरबोन मतदारसंघात याहून विलक्षण प्रकार घडला. पहिल्या मोजणीत लिबरल पक्षाचा उमेदवार पुढे होता, पडताळणीत ब्लॉक केबेक्वा पुढे गेला आणि न्यायाधीशांसमोर झालेल्या फेरमोजणीत लिबरल उमेदवार तात्याना ऑगस्त २३,३५२ विरुद्ध २३,३५१ अशा एका मताने विजयी ठरल्या. पुढे उघड झाले की एका मतदार स्त्रीने टपालाने पाठवलेले मत तिच्याच घरी परत आले होते, कारण परतीच्या लिफाफ्यावर निवडणूक कार्यालयानेच चुकीचा पिनकोड छापला होता. तिचे मत हरलेल्या पक्षाला होते. प्रकरण न्यायालयात गेले. श्रीमंत, शिस्तीच्या, साक्षर देशातही एका लिफाफ्यावरच्या दोन-तीन अक्षरांनी निकालावर प्रश्नचिन्ह उभे केले. आपल्याकडे असे लिफाफे किती निसटत असतील?

येथे यादीत खोटे नाव येणे हा एक अपराध. खरे नाव न येणे हा दुसरा. पहिल्याची बातमी होते. दुसऱ्याची होत नाही, कारण ज्याचे नाव नाही तो मतदान केंद्रावरून गुपचूप घरी परततो. राजुऱ्यात खोट्या अर्जांचा सुळसुळाट झाल्यानंतर एक धोका आम्हाला जाणवतो. कारखान्याच्या वसाहतीत भाड्याने राहणारा कंत्राटी कामगार, पहाडावरील गुड्यातली नुकतीच अठरा वर्षांची झालेली कोलाम मुलगी, लग्न होऊन गोंडपिपरीला आलेली सून, यांचे खरे अर्जही संशयाने पाहिले जातील. जन्माचा दाखला नाही, भाडेकरार नाही, वीजबिल घरमालकाच्या नावावर. कागदाच्या कसोटीवर खरा माणूसही खोटा ठरू शकतो.

गडचिरोलीच्या वाचकांना येथे आपला अनुभव आठवेल. तेथे मतदान पथके हेलिकॉप्टरने पोहोचवावी लागतात आणि सुरक्षेमुळे मतदानाची वेळ दुपारी तीनला संपते. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास ७२ टक्के मतदान झाले. राज्यातील ४८ मतदारसंघांत ते सर्वाधिक होते. १९ एप्रिल म्हणजे मोहाच्या फुलांचे दिवस. पहाटे मोह वेचून, मग मैलोन् मैल चालून मतदान करणारी ही माणसे आहेत. याच मतदारसंघात २०१४ आणि २०१९ या दोन्ही वेळी 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला चोवीस हजारांहून अधिक मते पडली होती. २००९ मध्ये मारोतराव कोवासे तेथून सुमारे साडेअठ्ठावीस हजार मतांनी निवडून आले होते, हे लक्षात घेतले तर नकाराचा हा आकडा किती मोठा ते समजते. तेवढी माणसे केवळ 'कोणीही नको' एवढे सांगायला उन्हात चालत गेली. त्यांना उदासीन कसे म्हणावे?

लोकसभेच्या त्याच निवडणुकीत चंद्रपूरमध्ये काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर २,६०,४०६ मतांनी विजयी झाल्या. राजुरा हा त्याच लोकसभा मतदारसंघाचा भाग. अवघ्या सहा-सात महिन्यांत जिल्ह्यातील सहापैकी पाच विधानसभा जागा भाजपने जिंकल्या. लाडकी बहीण योजनेचे दरमहा पंधराशे रुपये, सोयाबीन-कापसाचे भाव, उमेदवारीवरून झालेली नाराजी, घुग्घुसच्या भोंगळे यांच्यावर 'बाहेरचे' म्हणून झालेली टीका, अशी अनेक कारणे पुढे आली. ती खरी असतील. पण दोन लाखांचा कल ज्या लोकांत सहा महिन्यांत पालटतो, तेथे पुढची निवडणूक आताच ठरलेली आहे असे मानणे धाडसाचे होईल. राजुऱ्यात तर अधिकच.

म्हणून आमचा वाचकांना आग्रह आहे तो मतदानाच्या दिवसाविषयी नाही. यादीविषयी आहे. २०२२ पासून नाव नोंदवण्यासाठी वर्षातून एकच नव्हे तर चार पात्रता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्या त्या तारखेला अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलामुलींचा नमुना ६ भरता येतो. पत्ता बदलला असेल किंवा नावात चूक असेल तर नमुना ८. एखादे नाव चुकीचे आहे असे वाटल्यास, किंवा घरातील कोणी निवर्तले असल्यास, नमुना ७. प्रत्येक धर्मग्रामात पाच-सहा सुशिक्षित तरुणांनी आपापल्या वस्तीची यादी आणून ती घरोघर वाचली, तर जे काम त्या एकट्या शिक्षकावर वा अंगणवाडी सेविकेवर पडते त्यास मोठा हातभार लागेल. वाचताना आपल्या धर्मबांधवांची नावे तेवढी पाहू नयेत; शेजारचे गोंडाचे घर, पलीकडचे बंजाऱ्याचे घर, सर्वांची पाहावीत. मृतांची नावे वगळणे नाजूक असते, घरच्यांना वाईट वाटते; समजावून सांगावे.

एक बाब आपल्या घरची आहे. धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्या बदल्या दर काही वर्षांनी होतात. बदली झालेल्या सिस्टरचे नाव जुन्या कॉन्व्हेंटच्या पत्त्यावर तसेच राहते, नव्या ठिकाणी ते कधीकधी दुसऱ्यांदा नोंदवले जाते, आणि एकच व्यक्ती दोन याद्यांत दिसू लागते. तीच गोष्ट नागपूरला परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलींची आणि मिरची तोडणीसाठी दरवर्षी तेलंगणात जाणाऱ्या कुटुंबांची. हेतू वाईट नसला तरी नोंद दुहेरीच. नव्या ठिकाणी रुजू होताच नमुना ८ भरून नाव हलवावे, म्हणजे जुनी नोंद आपोआप निघते. ज्या कुटुंबांचा मुक्काम हंगामी आहे त्यांनी गावच्या पत्त्यावरचीच नोंद कायम ठेवावी आणि घर बंद दिसले म्हणून नाव वगळले जाऊ नये, यासाठी निघण्यापूर्वी केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना तसे कळवून जावे. त्यांचे नाव व दूरध्वनी क्रमांक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदान केंद्राच्या तपशिलात मिळतो, आणि तहसील कार्यालयातही विचारता येतो.